अंथरुणाशेजारची रोजकीर्द

घरातील वडीलधाऱ्यांच्या रक्तदाबाविषयी, मधुमेहाविषयी, गुडघ्यांविषयी आपण चारचौघांत मोकळेपणाने बोलतो. हृदयशस्त्रक्रियेची हकिकत तर येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवली जाते. लघवीवरचा ताबा सुटणे आणि शौचाच्या तक्रारी या दोन गोष्टींविषयी मात्र घराघरांत मौन असते. ज्याला त्रास होतो तो लाजेने सांगत नाही आणि ज्याच्या ध्यानात येते तो संकोचाने विचारत नाही. ‘वय झाले, आता असेच चालायचे’ अशी दोन्ही बाजूंची समजूत होऊन बसते. माझ्या आईच्या अखेरच्या चार वर्षांत या मौनाची किंमत मी जवळून पाहिली आणि ते मोडल्यावर काय साधते हेही अनुभवले.

आई तेव्हा ८१ वर्षांची होती. सांगलीतील आमच्या घरापासून मंदिर पाच मिनिटांच्या अंतरावर. रोज सकाळी दर्शनाला जाण्याचा अनेक वर्षांचा नेम तिने काही कारण न सांगता एकाएकी सोडला. त्याच सुमारास ती पाणीही जेमतेम पिते, हे माझ्या पत्नीने हेरले. तिने एकांतात विचारले तेव्हा आई म्हणाली, “मंदिराची पायरी चढायच्या आतच लुगडं भिजतं गं. असल्या अंगानं देवापुढं कशी उभी राहू?” पाणी कमी प्यायले की लघवी कमी होईल, असा तिचा हिशेब होता.

आमच्या गल्लीत सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एक परिचारिका राहतात. सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. त्यांनी आईचा हात हातात घेऊन सांगितले, “आजी, तुमचा हिशेब उलटा आहे.” पाणी कमी पडले की लघवी दाट होते आणि मूत्राशयाला अधिकच डिवचते. शौचही कोरडे व कठीण होते. ते आत साचून राहिले की मूत्राशयावर दाब येतो आणि मूळचा त्रास दुणावतो. वय वाढले म्हणजे ताबा सुटायलाच हवा, असे मुळीच नाही. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मधुमेह, पुरुषांमध्ये वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, ओटीपोटाच्या तळाचे सैल पडलेले स्नायू, एखादे औषध, किंवा गुडघे दुखत असल्याने वेळेत शौचालयापर्यंत न पोहोचणे, असे काही ना काही कारण त्यामागे असते. त्यातील बऱ्याच कारणांवर इलाज आहे.

सिस्टरनी तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितली. बँकेत ३६ वर्षे काढलेल्या माणसाला रोजकीर्द लिहिणे नवे नव्हते. पाणी किती व केव्हा, लघवी केव्हा व अंदाजे किती, कपडे भिजले का, शौच झाले का, असे रकाने आखले. तिसऱ्या दिवशी कारण कागदावरच दिसले. रक्तदाबाची जी गोळी आई सकाळी आठला घेत असे, ती शरीरातील पाणी लघवीवाटे काढणारी होती आणि मंदिरात जाण्याची वेळ नऊची! डॉक्टरांनी ते कोष्टक पाहून गोळीची वेळ दर्शनानंतरची करून दिली. अशी औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत वा वेळही बदलू नये. परंतु हातात नोंद असली की डॉक्टरांचे काम सोपे होते.

त्याबरोबर आणखी दोन गोष्टी सुरू केल्या. लघवीची भावना होण्याची वाट न पाहता दर दोन तासांनी घड्याळ पाहून शौचालयात जाणे ही एक. दुसरी म्हणजे अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेला व्यायाम: लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, क्षणभर धरायचे आणि सैल सोडायचे. काही आठवड्यांनी आई पुन्हा मंदिरात जाऊ लागली.

सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा तिचा नेमही मोडावा लागला नाही. सायंकाळनंतर पाणी कमी असले तर रात्रीचे उठणे कमीच होते. सकाळपासून थोडे थोडे पिऊन दिवसाचा वाटा पूर्ण करायचा, एवढेच पथ्य. (हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.) इसबगोलही दिवसाच आणि पुरेशा पाण्याबरोबर घ्यावे, पाणी कमी पडले तर तेच आतड्यात अडून बसते. न्याहारीनंतर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून त्या वेळी शौचास बसवावे. कमोड असेल तर पायांखाली पाट द्यावा आणि घाई करू नये.

८४व्या वर्षी आईच्या खुब्याचे हाड मोडले आणि शेवटचे १४ महिने ती अंथरुणावरच होती. या काळात एकदा दोन दिवस तिला सारखे पातळ शौच होऊ लागले. नातेवाइकांनी ते थांबवणारी गोळी सुचवली. सिस्टर म्हणाल्या, “आधी तपासून घ्या.” डॉक्टरांनी तपासले तेव्हा आत कठीण मळ अडकला होता आणि पातळ तेवढे बाजूने झिरपत होते. गोळी दिली असती तर कोंडी वाढली असती.

पुढे पत्नीच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली आणि आईची स्वच्छता माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी तिने भिंतीकडे तोंड फिरवले. “तुझ्या हातून हे करून घ्यायची वेळ आली रे,” एवढेच म्हणाली. सिस्टरनी मला शिकवले: दार लावून घ्या, अंगावर चादर राहू द्या, लागेल तेवढाच भाग उघडा करा, प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगा आणि नाकाला कधीही रुमाल लावू नका. कोमट पाण्याने पुढून मागे धुवायचे, म्हणजे शौचातील जंतू मूत्रमार्गाकडे जात नाहीत. कापडाने न घासता टिपून कोरडे करायचे आणि झिंक ऑक्साइडचे मलम पातळ लावायचे. डायपर ओला झाला की लगेच बदलायचा, दर दोन तासांनी कूस बदलायची. नाहीतर ओल्या, दबलेल्या त्वचेवर बेडसोर होतात. केवळ घरच्यांची सोय म्हणून लघवीची नळी मागू नये; ती जितके दिवस राहते तितका संसर्गाचा धोका वाढतो. पंधरा दिवसांनी आई भिंतीकडे वळायची थांबली. मी स्वच्छता करीत असताना ती मला माहेरच्या गोष्टी सांगू लागली.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतील निर्विचिकित्सा आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केलेले असते. रोगजर्जर मुनींची वांती स्वतःच्या हातांनी धुणाऱ्या राजा उद्दायनाची कथाही ऐकलेली असते. वैयावृत्याला तर अंतरंग तपात स्थान आहे. या शब्दांचा अर्थ मला ग्रंथापेक्षा त्या खोलीत, बादली आणि टॉवेल हाती असताना अधिक कळला.

वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. घरातील ज्येष्ठाने पाणी पिणे कमी केले, बाहेर जाणे टाळले, कपडे लपवून धुतले, तर त्यांना एकांतात, सौम्य शब्दांत विचारा. लघवीत वा शौचात रक्त, ताप, ओटीपोट फुगून लघवी न होणे, अचानक असंबद्ध बोलणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. एरवी एक वही आणा, रकाने आखा आणि तीन दिवस लिहा. विचारण्याचा संकोच आपण धाकट्यांनीच आधी सोडायचा असतो. वडीलधाऱ्यांना तो सोडणे फार जड जाते.