घराच्या खोडी

पावसाळ्यात रात्री साडेनऊनंतर भाडेकरूचा फोन आला की मी आधी टीव्हीचा आवाज घालवतो, मग फोन उचलतो. वाईट बातमी नीट ऐकू यावी म्हणून. "काका, खालच्यांच्या बाथरूमचं छत गळतंय. आपल्याकडून येतंय म्हणतात." त्या 'आपल्या'त तो असतो, मी असतो. गवंड्याचे पैसे द्यायची वेळ आली की त्यात मी एकटाच उरतो.

वाशीचं हे घर वडिलांनी १९७९ साली घेतलं. तेव्हा सिडको नऊ वर्षांची होती, खाडीवरचा पूल झाला होता, पण लोकल यायला अजून तेरा वर्षं होती. गिरगावातले नातेवाईक विचारायचे, "तिकडे संध्याकाळी माणसं दिसतात का रे?" आम्हाला दिसायची. खाडीचा वारा यायचा, ओहोटीला चिखलाचा वास यायचा, आणि दोन खोल्यांत आम्ही पाच जण ऐसपैस राहायचो. घराच्या खोडी मात्र पहिल्या वर्षापासून. बाल्कनीचं दार जरा उचलून ओढायचं. स्वयंपाकघरातला दिवा लागेपर्यंत बटणावरचं बोट काढायचं नाही. कडीला, नळाला, कॉकला, प्रत्येकाला काहीतरी वेगळं लागायचं. पाहुणा मुक्कामाला आला की आई ही सगळी यादी त्याला ऐकवायची आणि मग विचारायची, "चहा घेणार ना?"

आम्ही खारघरला राहायला गेलो तेव्हा वडिलांनी वाशीच्या घराला कुलूप लावलं. भाड्याने देऊ म्हटलं तर म्हणाले, "ठेवलेला माणूस उठत नसतो." हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण गिरगावात ते स्वतःच न उठणारे भाडेकरू होते. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी जिथल्या तिथे थिजली होती. त्यांच्या खोलीचं महिन्याचं भाडं पुढे पुढे आमच्या दोन दिवसांच्या दुधाइतकंही उरलं नव्हतं. चाळीचा जिना मोडला तर मालक ढुंकून बघायचा नाही, आणि वडील त्याला मनापासून शिव्या द्यायचे. दोन्ही बाजूंचं दुःख एकाच माणसाला कळलं की तो घराला कुलूपच लावतो.

पण बंद घर राहत्या घरापेक्षा लवकर म्हातारं होतं. नाहणीच्या जाळीखाली थोडं पाणी कायम अडून असतं, तेच गटाराचा वास आणि झुरळं थोपवतं. घर बंद असलं की ते आटतं, आणि झुरळं वर येऊन संसार थाटतात. नळ घट्ट बसतात. वाशीची हवा खारट. भिंतीच्या आतल्या सळईला गंज चढतो, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, आणि ती मिळाली नाही की प्लास्टर ढकलून देतो. चार वर्षांनी कुलूप काढलं तेव्हा छताचा परातीएवढा तुकडा आईच्या देवघरासमोर पडलेला होता.

मग भाडेकरू ठेवला. कायदाही बदललेला होता. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात 'लिव्ह अँड लायसन्स'ची मुदत संपली की घर सोडावं लागतं, न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई. करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या. आता एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच येतो. करार अकराच महिन्यांचा का, असं मी त्याला एकदा विचारलं. आपल्या राज्यात कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो ना? तो म्हणाला, "काका, सगळे अकराच करतात." पोलिसांना माहिती, सोसायटीची एनओसी, नॉन-ऑक्युपन्सीचे पैसे हे ओघाने आलंच. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाहीत, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना दरवर्षी नव्याने आठवण करून द्यावं लागतं.

त्या करारात मला 'मालक' म्हटलं की थोडं हसू येतं. इमारतीखालची जमीन सिडकोची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. त्याआधी इथे आगरी-कोळ्यांची भातशेती आणि मिठागरं होती. माझा अंगठा या रांगेत फार मागे आहे.

तर, गळती. पाणी जिथे दिसतं तिथे ते शिरलेलं नसतं, हे शिकायला मला तीन प्लंबर लागले. पहिल्याने टाइल्सच्या फटी पांढऱ्या सिमेंटने भरल्या. दुसऱ्याने कमोड बदलला. तिसरा म्हातारा, त्याने नाहणीला बोळा कोंबला, बाथरूममध्ये चार बोटं पाणी तुंबवलं आणि उद्या येतो म्हणून निघून गेला. दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी उतरलेली होती. "कोबा गेलाय," तो म्हणाला, "सगळं खणावं लागेल." चार महिन्यांचं भाडं त्या खड्ड्यात गेलं. आठ दिवस भाडेकरूचं कुटुंब शेजाऱ्यांकडे अंघोळीला जात होतं, आणि डेब्रिजच्या गोण्या तीन मजले उतरवणाऱ्या पोरांना त्यांच्याच घरातून चहा जात होता. टाइल्स निवडायला मी वाशीतल्याच एका दुकानात गेलो आणि हात आपोआप स्वस्त खणाकडे गेला. स्वतःच्या घरात मी त्या कधी लावल्या नसत्या. भाडेकरूची बायको एवढंच म्हणाली, "सासूबाई घसरणार नाहीत अशा बघा." मग दुकानात परत गेलो.

शेवटच्या दिवशी गवंड्याने जोरात हाक मारली. जुन्या लोखंडी पाइपाचा सांधा सुटला होता आणि पाणी भिंतीवर उसळत होतं. मी स्टुलावर चढून मुख्य कॉक आवळायला लागलो. जेवढा आवळला तेवढी धार वाढली. नव्या टाइल्सवर पाण्याचं तळं झालं. दारात भाडेकरूची आई पदर खोचून उभी होती. जतकडची बाई, या घरात येऊन दोन वर्षं झालेली.

"उलटा फिरवा, बाबा," ती म्हणाली. "ह्यो उलटा बंद हुतो."

फिरवला. पाणी थांबलं.

"चहा घेणार ना?" तिने विचारलं.