दारी हत्ती बांधताना



दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी मोठी गाडी आली, ही बातमी शाळा उघडण्याआधीच शाळेत येऊन पोचली होती. इंदुरातल्या मराठी वस्तीत बातमीला पेट्रोल लागत नाही! त्यानंतर पालकसभेत, शिक्षक-खोलीत, रामबागेतल्या किराणा दुकानात, सगळीकडे आम्हांला तीनच प्रश्न विचारले गेले. घ्यायचीच होती तर जुनी का घेतली? डिझेल सोडून पेट्रोल का? आणि घेतली आहे तर शाळेत का आणत नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे हिशेबाची आहेत. तिसऱ्याचे उत्तर मात्र तुम्हां-आम्हां सर्वांशी संबंधित आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

घरात आम्ही सहा माणसे. पाच जणांच्या छोट्या गाडीत सहावा माणूस नेहमी बसने जायचा. आजींच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून त्या नाशिकला बहिणीकडे जायचे नावच काढीनात. मागच्या सीटवर तिघांत अवघडून चारशे-सव्वाचारशे किलोमीटर बसणे त्यांना शक्य नव्हते. रस्ता आपल्या सर्वांच्या ओळखीचा, जुना आग्रा-मुंबई रस्ता. मानपूरच्या पुढचा घाट, मग सेंधव्यापलीकडचा बिजासन घाट. चढावर पुढे लादलेला ट्रक, मागे हॉर्न वाजवणारी बस आणि आपली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकते आहे, हा अनुभव इंदूरच्या कोणत्या मराठी कुटुंबाला नाही? ट्रकाच्या बाजूने, समोरच्या लेनमध्ये घालवावे लागणारे सेकंद जितके कमी तितका धोका कमी. मोठ्या इंजिनाचा आम्हांला दिसलेला खरा उपयोग एवढाच.

आता पहिला प्रश्न. जुनीच का? नवी गाडी शोरूमच्या बाहेर पडली की तिची किंमत घसरू लागते, हे सगळेच जाणतात; पण किती, हे विम्याच्या कागदात छापलेले असते. विमा कंपन्या गाडीचे मूल्य ठरवताना सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३० आणि चार वर्षांपर्यंत ४० टक्के घट धरतात. ही घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा कर, जो उपकर धरून ५० टक्क्यांपर्यंत जात होता, तो ४० टक्के झाला. नव्या गाड्या उतरल्या, तेव्हा जुन्यांनाही उतरावे लागले. आम्ही घेतली ती महिंद्राची एक्सयूव्ही ७००, पेट्रोल. हे मॉडेल २०२१ मध्ये बाजारात आले. आमची गाडी २०२२ ची, पहिल्या मालकाकडची, ३८,००० किलोमीटर चाललेली. नव्या गाडीच्या सुमारे दोन-तृतीयांश किमतीत ती मिळाली.

दुसरा प्रश्न पेट्रोलचा. डिझेलची गाडी लिटरला जास्त चालते, यात वाद नाही. पण २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती जाळी साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून लांब पल्ल्यावर, एका वेगात, चांगली तापेपर्यंत चालावी लागते. आमची गाडी महिन्यातले पंचवीस दिवस चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणार. अशा वापरात ती जाळी तुंबते आणि खर्च वाढतो. आमचे महिन्याचे चालणे सातशे किलोमीटर. शहरात आठचा आणि हमरस्त्यावर साडेअकराचा अॅव्हरेज मिळतो, हे आमच्या नोंदवहीत लिहिलेले आहे. लिटरला १०० रुपये धरले तरी शहरातच चालवल्यास महिन्याला पावणेनऊ हजार! ज्यांना हा आकडा जड वाटतो त्यांनी या वाटेला जाऊ नये. हत्ती दारी झुलतो तेव्हा शोभतो खरा, पण चारा रोज घालावा लागतो.

आणखी एक गोष्ट. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे अशा मिश्रणात एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी झाली. (आठवीच्या मुलांनी हे गणित करून पाहावे.) शिवाय १ एप्रिल २०२३ पूर्वी बनलेली गाडी घेताना तिचे रबरी पाइप आणि सील या इंधनाला चालतात का, हे सेवा केंद्रात विचारून घ्यावे. आम्ही विचारले, आणि मगच बयाणा दिला.

जुनी गाडी पाहायला आम्ही तीन रविवार घालवले. शेजारच्या मिस्त्रीकाकांना बरोबर नेले. त्यांनी शिकवलेले थोडक्यात सांगतो. गाडी थंड असतानाच सुरू करून पाहावी. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. रेडिएटरच्या पाण्यात तेलाचा तवंग किंवा तेलात दुधी रंग दिसला तर नमस्कार करून निघावे. टायरवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २०२२ च्या गाडीला पाचही टायर त्याच सुमाराचे हवेत. एकच टायर वेगळा असला तर कारण विचारावे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावेत. पुरात बुडालेल्या गाडीचा चिखल तिथे सापडतो. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही तर तो मुद्दाम काढलेला असू शकतो.

एका गाडीच्या मीटरवर ४१,००० किलोमीटर होते. काच चकचकीत, सीटकव्हर नवे, विक्रेत्याचे बोलणे साखरेसारखे. पण ब्रेकच्या पायपट्टीचे रबर झिजून गुळगुळीत झालेले पाहून काकांनी सेवा केंद्रातली नोंद मागवली. वर्षभरापूर्वीच गाडी ६८,००० वर सर्व्हिस झालेली निघाली. विक्रेता म्हणाला, "मीटर खराब हुआ था, साहब।" मीटर बिघडले तरी पायपट्टी हिशेब ठेवते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

कागदांचे म्हणाल तर नमुना २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या. कर्जावर घेतलेली असेल तर नमुना ३५ आणि बँकेचे पत्र. परराज्यातली असेल तर नमुना २८, म्हणजे ना-हरकत दाखला. विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा आणि लक्षात ठेवावे, दावा न केल्याची सूट जुन्या मालकाची असते, गाडीबरोबर येत नाही. नायता मुंडल्याच्या परिवहन कार्यालयात दोन चकरा झाल्या, पण नाव चढल्याशिवाय आम्ही पूर्ण रक्कम दिली नाही.

आता तिसरा प्रश्न.

या गाडीचे इंजिन १,९९९ सीसीचे, टर्बोचे. ताकद २०० पीएस, म्हणजे १९७ अश्वशक्ती, आणि टॉर्क ३८० न्यूटन-मीटर. वजन ढोबळमानाने १,८०० किलो धरा. आम्ही पदवीपर्यंत हिंदी माध्यमात शिकलो. तिथेही गतिज ऊर्जा आणि मराठीतही गतिज ऊर्जाच. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणून निम्मे करायचे. ८० च्या वेगावरून १०० वर गेलो तर वेग सव्वापट होतो, पण ऊर्जा दीडपटीहून अधिक. ती ऊर्जा ब्रेकने खाल्ली तर बरे, नाहीतर समोरच्याने. आणि पूर्वीच्या गाडीत १०० गाठायला जेवढा वेळ व विचार लागे, तेवढा या गाडीत लागत नाही. पायाचा अंगठा हलला की काटा हलतो.

घरातला थोरला एकोणीस वर्षांचा, लायसन्सधारी. त्याचे म्हणणे, या मॉडेलला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे मिळाले आहेत, तेव्हा छोट्या गाडीपेक्षा यातच शिकणे सुरक्षित. मुद्दा खोटा नाही. पण ते तारे आत बसलेल्यांचे असतात. बाहेर सायकलवर, स्कूटरवर, पायी जाणाऱ्याला त्यातला एकही तारा मिळत नाही. यावर घरात दोन दिवस वाद चालला. शेवटी आजी म्हणाल्या, "अरे, घोडा दिला म्हणून कुणी घोडेस्वार होत नाही. आधी तट्टावर बैस." तेव्हापासून नियम ठरला: वर्षभर छोटी गाडी, आणि मोठी चालवायची ती शेजारी आम्हां दोघांपैकी एक असेल तेव्हाच. तो थोडा रुसला. रुसवा जातो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अतिवेगवान मोटारीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. दोघेही आपल्या मध्य प्रदेशातले, शिकून नोकरीसाठी पुण्याला गेलेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांनी सांगितले. बाल न्याय मंडळाने सुरुवातीला दिलेल्या जामिनाच्या अटींमध्ये रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, त्यावरून देशभर संताप झाला. निबंध लिहून घेणे हे तर आमचे रोजचे काम. निबंधाने मुलगा विचार करायला लागतो, हे आम्ही पाहिले आहे. पण निबंध आधी लिहायचा असतो, नंतर नाही. आणि किल्ली मुलाच्या हाती देणाऱ्या मोठ्यांनी तो आधी लिहायचा असतो.

कायदाही मोठ्यांकडेच बोट दाखवतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळते ती परवानगी फक्त ५० सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या दुचाकीची. दहावी-अकरावीची मुले शाळेच्या पलीकडच्या गल्लीत उभ्या करतात त्या स्कूटर ५० सीसीच्या नाहीत, हे आम्हांला आणि पालकांनाही ठाऊक आहे.

राहता राहिले शाळेचे फाटक. गेल्या महिन्यात एका शनिवारी नववीच्या मुलांना घेऊन मैदानावर आम्ही एक प्रयोग केला. आमची गाडी उभी केली, इंजिन बंद, किल्ली खिशात. समोर क्रिकेटचा स्टंप उभा केला. त्याची उंची २८ इंच, म्हणजे ७१ सेंटिमीटर. एक जण चालकाच्या जागी बसला, दुसऱ्याने स्टंप हळूहळू मागे नेला. स्टंपाचे टोक दिसू लागले तेव्हा तो बंपरपासून दीड मीटरहून लांब गेलेला होता. उंचीने लहान चालक बसवला तेव्हा अंतर दोन मीटरांच्या पुढे गेले. बुटाची नाडी बांधायला वाकलेले, पाण्याची बाटली उचलायला बसलेले पहिलीतले पोर साधारण त्या स्टंपाएवढेच असते. प्रयोगानंतर मुले बराच वेळ गप्प होती. एका मुलीने वहीत आकृती काढून खाली लिहिले, "इथे माझा भाऊ मावतो."

म्हणून गाडी शाळेत येत नाही. सकाळी आम्ही पूर्वीसारखेच स्कूटरने येतो. सकाळच्या पंधरा मिनिटांत फाटकाशी पाचशे मुले आणि त्यांच्यामध्ये १,८९० मिलिमीटर रुंदीची गाडी, हे गणित जमत नाही, चालक कितीही जपून चालवणारा असो.

पालकांना विनंती एवढीच की मोठी गाडी फाटकापर्यंत आणू नये. मागच्या मैदानाच्या भिंतीजवळ मुलाला उतरवावे आणि तिथून हात धरून चालत आणावे. दोनशे पावले होतात. तेवढ्यात पाढा म्हणून होतो, डब्यात काय आहे ते सांगून होते. विश्वस्त मंडळींना आमचा अर्ज गेला आहे: मैदानाकडचे छोटे दार सकाळी उघडावे, फाटकासमोर लोखंडी खांब बसवावेत आणि पायी येणाऱ्यांसाठी पट्टा आखावा. मंडळाच्या पुढच्या बैठकीत त्यावर विचार व्हावा, ही नम्र विनंती.

असो. गाडी घेतल्याचा आनंद आम्हांला आहेच. डिसेंबरात आजी नाशिकला जाऊन आल्या. पायरी उंच म्हणून लोखंडी पायदान बसवून घेतले आहे. बिजासन घाटात ट्रकाच्या पुढे गाडी अलगद निघाली तेव्हा मागून त्यांनी विचारले, "घाट आला का?" आम्ही म्हटले, "गेला." त्या बहिणीकडे आठ दिवस राहिल्या. येताना तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन आल्या. शिक्षक-खोलीत तो कधी रिकामा झाला, ते कुणालाच कळले नाही.