पेरणीचा कौल

पैनगंगेच्या उत्तर तीरावर यवतमाळ, दक्षिणेस आदिलाबाद. १९५६ साली हा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला व २०१४ पासून तो तेलंगणात आहे. तथापि सीमेवरील अनेक घरांत आजही मराठीच बोलली जाते. काळ्या जमिनीचे मुख्य पीक कापूस, आणि तेही बहुतांशी पावसाच्या भरवशावर. म्हणून मृग जवळ आला की घरोघर एकच प्रश्न उभा राहतो: पेरावे की थांबावे?

काहीजण पावसापूर्वीच कोरड्या मातीत बी टाकतात. हीच धूळपेरणी. पाऊस वेळेवर आला तर पीक पुढे निघते. पहिल्या सरीनंतर उघडीप पडली तर अंकुर करपतात आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कर्ज काढावे लागते. पुरेशी ओल होईतो थांबावे, तर पेरणी लांबते व बोंडे भरण्याच्या वेळी जमिनीतील ओल सरते. एका शिवारात सर पडते, शेजारचे कोरडे राहते. मग ज्याचे साधले तो शहाणा, ज्याचे जळाले तो मूर्ख! वस्तुतः दोघांनी एकाच हिशेबाने पेरलेले असते.

हा न्याय आम्हांस मान्य नाही. निर्णयाची पारख केवळ फळावरून नव्हे, तर निर्णयकाळी हाती असलेल्या माहितीवरून करावी. ठळकपणे आठवणारी गोष्ट मनुष्यास अधिक संभवनीय वाटते, असे ट्व्हर्स्की व कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ च्या आपल्या निबंधात दाखविले. गतवर्षी शेजाऱ्याची धूळपेरणी फळली, एवढ्यावरच यंदा बी टाकण्याचा मोह होतो तो यामुळेच.

गोमंतकातील देवळांत मूर्तीस पाकळ्या लावून प्रसाद घेतात. उजवीकडील पाकळी पडली की अनुकूल कौल मानतात. अशा कौलाने दोलायमान मनास स्थैर्य येते, हे आम्ही जाणतो. परंतु देवापुढे उभे राहण्यापूर्वी बियाण्याचा व कर्जाचा हिशेब आपणच करावयाचा असतो.

आदिलाबादकडील आमच्या परिचयाचे एक वृद्ध शेतकरी निम्मे शेत धुळीत पेरतात, निम्मे ओल पाहून. कापसात तुरीच्या ओळीही घालतात. याचे कारण विचारता ते म्हणाले, "पाऊस कधी येईल ते मला कळत नाही. पण तो न आला तर घरात काय उरेल, हे मला आधी कळले पाहिजे."

अनिश्चिततेत याहून थोर शहाणपण आम्हांस ठाऊक नाही.