देऊळ वळवणारे आवाज

औंढा नागनाथाच्या देवळाला प्रदक्षिणा घालताना नवखा माणूस एका जागी हमखास थबकतो. नंदी महादेवासमोर असायचा, इथे तो पाठीमागे आहे. मग शेजारचं कुणीतरी, बहुतेकदा एखादी म्हातारी, न विचारता गोष्ट सांगते. नामदेव महाराज इथे कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी त्यांना समोरून उठवलं, मागे जा म्हणाले. महाराज मागे गेले आणि तिथे गाऊ लागले. देऊळ त्यांच्याकडे वळलं, नंदी तेवढा जागच्या जागी राहिला.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात ही गोष्ट पाटीवर मुळाक्षरं गिरवायच्या आधी कानावर पडते. नामदेवांचं नर्सी याच जिल्ह्यातलं, आणि विसोबा खेचर त्यांना गुरू म्हणून भेटले तेही औंढ्यातच, असं परंपरा सांगते. मला मात्र देऊळ फिरण्याच्या चमत्कारापेक्षा त्याआधीचा क्षण मोलाचा वाटतो. मागे पाठवलेला माणूस उभा आहे. समोर दगडी भिंत आहे. आणि तो असा गातो आहे की सगळी सभा त्याच्याच पुढ्यात बसली आहे. जॅझ ऐकू लागलो तेव्हा एकेका गायिकेच्या आयुष्यात हा क्षण मला भेटत गेला. ज्यांच्याकडे तो भेटला त्याच माझ्या कायमच्या आवडत्या झाल्या.

बिली हॉलिडे त्यांतली पहिली. १९३८ साली ती आर्टी शॉच्या बँडमध्ये गात होती. बँड गोऱ्यांचा, गाणारी काळी. न्यूयॉर्कच्या लिंकन हॉटेलात त्यांचा कार्यक्रम असे. हॉटेलवाल्यांनी तिला पाहुण्यांच्या लिफ्टमधून यायची मनाई केली, मालाच्या लिफ्टने ये म्हणून सांगितलं. ज्या आवाजासाठी लोक तिकिटं काढून येत, तो आवाज खोक्यांच्या आणि पोत्यांच्या वाटेनं वर येई. थोड्याच दिवसांत तिनं तो बँड सोडला.

तिच्या आवाजाला फार मोठा पल्ला नव्हता. ताकदही नव्हती, मायक्रोफोन नसता तर तो आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे गेला नसता. पण शब्द कुठे ठेवायचा हे तिच्याइतकं कुणालाच कळलं नाही. ठेका पुढे निघून जातो, बिली मागे रेंगाळते, वाटतं आता ही चुकली, आणि तेवढ्यात ती अशा जागी शब्द ठेवते की ठेकाच घाईत होता असं वाटू लागतं. आपल्याकडे भजनात मुरलेला म्हातारा बुवा असंच करतो. पखवाज त्याच्या गतीनं चालू असतो, टाळकरी समेवर टपून बसलेले असतात, आणि बुवा ओवीचे शब्द सावकाश ओढत ऐनवेळी समेवर येऊन उभा राहतो. बिली पहिल्यांदा ऐकली तेव्हा भाषा कळली नाही. ते रेंगाळणं मात्र ओळखीचं होतं.

तिचं ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गाणं एबल मीरोपोल नावाच्या, ब्राँक्समध्ये शिकवणाऱ्या एका शिक्षकानं लिहिलं. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसांना जमावानं झाडाला लटकवून मारलं जाई, त्याबद्दलचं. तिच्या नेहमीच्या कोलंबिया कंपनीनं ते ध्वनिमुद्रित करायला नकार दिला. तेव्हा २० एप्रिल १९३९ रोजी कमोडोर या छोट्या कंपनीनं ते मुद्रित केलं. कॅफे सोसायटी नावाच्या न्यूयॉर्कच्या क्लबात, जिथे काळे-गोरे एकत्र बसू शकत, ती रात्रीच्या शेवटी हे गाणं म्हणे. त्याआधी वाढपी थांबत, दिवे मालवत, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक झोत राही. गाणं संपलं की तोही विझे. दिवा परत लागेपर्यंत ती निघून गेलेली असे. टाळ्या कितीही पडोत, पुन्हा येत नसे. हातातला पेला हातात तसाच धरून बसलेली ती माणसं मी अनेकदा डोळ्यांपुढे आणतो. करमणुकीला आले होते, आणि एका बाईच्या आवाजानं त्यांना झाडाखाली नेऊन उभं केलं.

एला फिट्झजेराल्डचा आवाज याच्या अगदी उलट, लख्ख उन्हाचा. म्हणून पुष्कळांना वाटतं हिनं दुःख पाहिलंच नसेल. पण आई गेलेली, सुधारगृहात काढलेले दिवस, मग हार्लेमच्या रस्त्यांवर मिळेल तिथे झोपणं. नोव्हेंबर १९३४ मध्ये सतरा वर्षांची ही पोर अपोलो थिएटरच्या हौशी कलावंतांच्या रात्री मंचावर आली ती नाचायला. तिच्याआधी दोन बहिणी इतक्या सुंदर नाचून गेल्या की हिचे पायच गळाले, आणि आता काय म्हणून ती गायली. पहिलं बक्षीस मिळालं. बक्षिसाबरोबर आठवडाभर तिथे गायची संधी मिळायची होती, ती मात्र कपडे आणि अवतार बघून दिली नाही. ती पुढच्या वर्षी चिक वेबच्या बँडमध्ये आली, आणि मग तिला कुणी अडवू शकलं नाही.

१९६० साली बर्लिनमध्ये ‘मॅक द नाइफ’ गाताना ती शब्द विसरली. भर सभेत, बारा हजारांच्या आसपास लोकांसमोर. ती थांबली नाही. आपण शब्द विसरलो हेच तिनं त्याच चालीत, ठेका न सोडता गायलं, मग लुई आर्मस्ट्राँगचा आवाज काढला, मग नुसत्या अक्षरांवर निघाली. त्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं. अर्थाचं बोट सुटलं तरी स्वर रस्ता जाणतो, हे त्या पाच मिनिटांत जसं ऐकू येतं तसं दुसरीकडे मी ऐकलेलं नाही. सारा व्हॉनबद्दल लिहायला बसलो तर हा लेख तिथेच संपेल. तिचा खर्ज नेवार्कच्या चर्चमधल्या ऑर्गनपाशी घडला, आणि तो ऐकताना अंगाखालची जमीन जाणवते, एवढंच इथे म्हणतो.

हे सगळं गोदावरीच्या खोऱ्यात पोचलं कसं? वाट मुंबईची. १९३५ साली लिऑन ॲबे नावाचा व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून आणखी आले. त्यांच्याजवळ बसून ज्यांनी ही विद्या उचलली ते बहुतेक गोव्याचे. गावच्या चर्चच्या शाळेत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून मुंबईत आलेली पोरं धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कूड’मध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, ट्रंकांच्या शेजारी झोपत आणि संध्याकाळी सूट चढवून साहेबांच्या हॉटेलात वाजवायला जात. हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ त्यांतलाच. ट्रम्पेट हातात घेतल्यावर तो ‘चिक चॉकलेट’ झाला, आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

मग पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, हा चिक आपल्या वाद्यवृंदात घेतला. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. रात्री हॉटेलात वाजणारं ते सकाळी स्टुडिओत आलं, स्टुडिओतून तबकडीवर, तबकडीवरून रेडिओवर, आणि रेडिओवरून आमच्याकडच्या बँडवाल्यांच्या क्लॅरिनेटमध्ये. वसमत-कळमनुरीकडच्या वरातीत घामाघूम होऊन ‘भोली सूरत’ वाजवणारा माणूस जॅझच्या जन्मगावाचा, न्यू ऑर्लिन्सचा, नातेवाईक होता. त्याला ते ठाऊक नसेल, पण त्याच्या ओठांना ठाऊक होतं. स्टुडिओतल्या त्या गोवेकर वादकांची नावं चित्रपटांच्या श्रेयनामावलीत फार क्वचित आली, याची खंत मला अजून वाटते. लग्नातल्या त्या बँडवाल्याचंही नाव कुणी विचारलं नाही.

चर्चगेटच्या रस्त्यावर साठच्या दशकात गेलॉर्ड, बॉम्बेली, ॲस्टोरिया हॉटेलातलं व्हेनिस, ॲम्बॅसेडरमधलं ‘द अदर रूम’ अशा जागी रोज रात्री जॅझ वाजे. तिथेच मडगावचा ट्रम्पेटवादक क्रिस पेरी आणि त्याच्यासोबत गाणारी कोवळी लॉर्ना कॉर्डेरो यांचं नाव झालं. लॉर्ना इंग्रजी गाणी गाई. मग क्रिसनं तिच्यासाठी कोंकणी गाणी बांधली, आणि १९७१ च्या सुमारास आलेल्या ‘बेब्दो’नं गोव्याला वेड लावलं. बेब्दो म्हणजे दारुडा. एका गावठी, रोजच्या दुःखाला क्रिसनं ट्रम्पेटची धार दिली आणि लॉर्नानं ते असं म्हटलं की हसू आणि हुंदका एकाच श्वासात येतो. तिच्या आवाजाला खरखर आहे. खालच्या पट्टीत ती शब्द चावते, वर जाताना एकदम कडाडते. मराठी माणसाला तिचे निम्मे शब्द कळतात आणि निम्मे नुसते लागतात. मला विचाराल तर या देशात जॅझला स्वतःची जमीन मिळाली ती याच गाण्यांत. इंग्रजी गाणी कितीही सफाईनं गायली तरी ती पाहुण्यासारखी राहिली.

आणि हा आवाज एकाएकी गप्प झाला. क्रिस आणि ती वेगळे झाले, आणि लॉर्ना मंचावरून दिसेनाशी झाली. महिने नव्हे, वर्षं गेली. गोव्यात तिची गाणी प्रत्येक लग्नात वाजत राहिली आणि गाणारी कुठे आहे हे लोक एकमेकांना विचारत राहिले. १९९५ मध्ये संगीतकार रॉनी मोन्सेरातनं तिला परत आणलं. ‘हॅलो लॉर्ना’ हे त्या पुनरागमनाचं नाव. आवाजात वय आलं होतं, खरखर वाढली होती, आणि मला ती आधीपेक्षा जास्त आवडते. तरुण लॉर्ना दुःखाचं गाणं गात होती. परतलेली लॉर्ना ते पुराव्यानिशी गाते. क्रिस आणि लॉर्ना यांच्या नात्याचा आधार घेऊन बार्डरॉय बारेटोनं पुढे ‘नाचूंया कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मिळेल तिथे बघावा.

मुंबईची आणखी एक मुलगी ‘बेब्दो’च्याच सुमारास उलट वाटेनं निघाली होती. आशा पुथली, जन्म १९४५. लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकलेली, आणि कान रेडिओवरच्या जॅझकडे. वेद मेहता यांनी भारतावरच्या आपल्या पुस्तकात तिच्याबद्दल लिहिलं, आणि ते न्यूयॉर्कमधल्या जॉन हॅमंड यांच्यापर्यंत पोचलं. हे तेच हॅमंड, ज्यांनी १९३३ साली अठरा वर्षांच्या बिली हॉलिडेचं पहिलं ध्वनिमुद्रण करवलं होतं. १९७१ मध्ये आशा ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या तबकडीवर दोन गाणी गायली. ऑर्नेटचं संगीत म्हणजे पायाखाली ठरलेली पायरी नसणं. सॅक्सोफोन कुठल्या दिशेला वळेल याचा नेम नाही. तिथे ही मुलगी निर्धास्त चालते. एका स्वरातून दुसऱ्यात जाताना ती मींड घेते, आणि ज्यांनी मैफली ऐकल्या आहेत त्यांना ती मींड कुठल्या घरची आहे हे लगेच कळतं. आपल्याकडे तिचं नाव किती जणांना माहीत आहे? परदेशात मात्र ऐंशीला टेकलेल्या आशाबाईंना ऐकायला अगदी अलीकडेपर्यंत तरुणांची गर्दी होत होती.

उषा उथुपही जन्मानं मुंबईच्याच. आवाज जाड म्हणून शाळेच्या गाण्याच्या वर्गातून त्यांना बाहेर काढलं होतं. पुढे त्याच आवाजानं, जरीची साडी नेसून आणि ठसठशीत कुंकू लावून, त्यांनी कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरचं ट्रिंकाज गाजवलं. नाइटक्लब त्यांच्यासाठी बदलला, त्या नाइटक्लबसाठी बदलल्या नाहीत.

आजच्या गायिकांत सेसिल मॅक्लोरिन साल्व्हाँ मला अचंबित करते. तिनं ‘मेल्युझीन’ नावाचा एक संग्रह केला, फ्रेंच लोककथेतल्या, दर शनिवारी कमरेखाली नागीण होणाऱ्या बाईवर. नागनाथाच्या मुलखातल्या माणसाला ती परकी कशी वाटावी?

पण सध्या मी सर्वांत जास्त ऐकतो ती समारा जॉय. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन आमचा हिंगोली जिल्हा झाला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ही मुलगी ब्राँक्समध्ये जन्मली. आजी-आजोबा चर्चच्या गायकवृंदातले, वडीलही गाणारे. ती स्वतः जॅझकडे वळली ती कॉलेजात गेल्यावर. २०१९ मध्ये तिनं सारा व्हॉनच्याच नावाची स्पर्धा जिंकली. २०२३ मध्ये सर्वोत्तम नवोदित कलाकाराचं ग्रॅमी, तेही साऱ्या पॉप गायकांना मागे टाकून, जॅझ गाणाऱ्या मुलीला मिळालं. तिच्या खर्जात सारा ऐकू येते, शब्दफेकीत कुठेकुठे एला. ती हे ऋण लपवत नाही. आपल्याकडे घराण्याचा शिष्य जसा गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो, तसं तिच्या गाण्यात ते सरळ दिसतं.

२०२४ च्या ‘पोर्ट्रेट’ या संग्रहात तिनं चार्ल्स मिंगसच्या एका अवघड रचनेला, ‘रीइनकार्नेशन ऑफ अ लव्हबर्ड’ला, स्वतः शब्द लिहिले आहेत. नावाजलेल्या मुलीनं सोपी गाणी गाऊन सुखात राहायचं, ते सोडून ती या खडकावर चढली. पितळी वाद्यांच्या घोळक्यात तिचा आवाज त्यांच्यातलंच एक वाद्य होऊन शिरतो, दिसेनासा होतो, आणि मग कुणाच्याच ध्यानीमनी नसताना त्या सगळ्यांच्या वर निघतो. तो कुठून वर येतो ती जागा मला अजून नेमकी सापडलेली नाही. आज रात्री पुन्हा लावणार आहे.