मुर्शिदाबादच्या वाटेवरची तार

मुर्शिदाबादेत आम्ही आधी कटरा मशीद पाहिली. नवाब मुर्शिद कुली खान तिथे जिन्याखाली दफन आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावले रोज त्यांच्यावरून जातात.

पुढे बहरमपूरजवळ विजेचे उंच मनोरे दिसले. मुलांनी विचारले, “ही वीज कुठे जाते?”

सरहद्दीपलीकडे, बांगलादेशातल्या भेरामाऱ्याला. 2013 पासून ही तार सुरू आहे. पावसाळ्यात नेपाळच्या नद्या दुथडी भरतात, तेव्हा तिथे वीज उरते; हिवाळ्यात तोच नेपाळ भारताकडून वीज घेतो. ऑगस्ट 2024 मध्ये ढाक्यातले सरकार कोसळले, शेजाऱ्यांत कटुता आली. तरीही 3 ऑक्टोबरला काठमांडूत तिन्ही देशांचा करार झाला आणि 15 नोव्हेंबरला नेपाळची 40 मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात पोहोचली.

हे दान नव्हे, पैसे मोजून केलेला व्यवहार आहे. पण मधल्याने वाट अडवली, तर दोघांचेही नुकसान.

शेजाऱ्याचा हक्क आपण मुलांना कालवणाच्या वाटीपुरता शिकवतो. त्या दिवशी आम्ही त्यांना सांगितले, शेजाऱ्याच्या घरातला दिवाही त्यातच येतो. आणि तो दिवा आपल्या अंगणातून जाणार असेल, तर वाट मोकळी ठेवणे हेही शेजारधर्मातच येते.