अर्धा पेला

आमची धाकटी कन्या चार वर्षांची झाली, तेव्हा तिचे वजन अवघे १२ किलो होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या तक्त्यानुसार या वयाच्या मुलीचे वजन सुमारे १६ किलो अपेक्षित असते. डॉक्टरांनी कागदावर मांडलेला ठिपका कुपोषणाच्या रेषेखाली उतरला, आणि तो आम्हां उभयतांच्या मनात काट्यासारखा सलू लागला.

मग घरात दुधाची सक्ती सुरू झाली. दिवसातून चार वेळा काठोकाठ भरलेला पेला, त्यात डब्यातली चॉकलेटी पूड. 'एवढे संपव, मगच खेळायला जा', हे आमचे पालुपद. एकदा तर नाक दाबून आम्ही तिला दूध पाजले. ते सारे तिने अंगणात ओकून टाकले. त्या दिवसापासून पेल्याचा आवाज आला की ती दाराआड लपू लागली. आपले लेकरू आपल्याच भयाने लपते, याची लाज आम्हांला आजही वाटते.

रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन कमी निघाले. डॉक्टरांनी शांतपणे समजावले, "दुधाने पोट भरते, पण त्यात लोह नगण्य असते. तुम्ही तिची भूकच दुधाने मारलीत. दिवसाला दोन लहान पेले पुरेत." त्यांनी लोहाचे औषध दिले आणि एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेली कामांची वाटणीही सांगितली: काय, केव्हा आणि कुठे द्यायचे हे आईवडिलांनी ठरवावे, घ्यायचे की नाही आणि किती, हे मुलाने.

घरी आलो, तो आजीने नाचणी भिजत घातली होती. दुसऱ्या दिवशी ती फडक्यात बांधून मोड आणले, सावलीत वाळवली, मंद आचेवर जराशी भाजून दळली. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे आम्ही वाचले होते. मोडांचे मर्म मात्र मागाहून कळले. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचे विकर वाढते व ते पिष्ट पदार्थ फोडते. त्यामुळे पेज दाट न होता पातळ राहते आणि चिमुकल्या पोटात मोजक्या घोटांतून अधिक पीठ जाते. गोडीसाठी आजीने साखरेऐवजी आमच्या वसईची सुकेळी भिजवून कुस्करली आणि वर चार चमचे नारळाचा रस घातला.

तरीही पोरीने तोंड फिरवले. तेव्हा प्रथमच आम्ही तिला रागे न भरता विचारले, "काय आवडत नाही गं?" उत्तर साधे होते: वरची साय आणि जिभेला लागणाऱ्या गाठी! मग पेज गाळून घेतली, कोमट केली, लहान पेल्यात अर्धीच ओतली. आजी स्वतःचा पेला घेऊन ओटीवर बसे. सुकेळीचे तुकडे टाकून ढवळण्याचे काम नातीकडे. आम्ही दोघे मुद्दाम दुसरीकडे पाहत असू. नव्या चवीशी ओळख व्हायला मुलांना आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा चाखावे लागते. आठवडाभर तिने केवळ बोट बुडवून पाहिले. उरलेली पेज आम्ही निमूटपणे पिऊन टाकली.

एके संध्याकाळी ओटीवरून आवाज आला, "आजी, अजून आहे?"

सहा महिन्यांत वजन सव्वा किलोने वाढले. ठिपका रेषेच्या किंचित वर आला. ज्यांच्या घरी असे लेकरू आहे त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे, कारण अशक्तपणामागे आजारही असू शकतो. पण पेला पुढे करताना मुलाच्या चेहऱ्याकडेही पाहावे. आम्ही कित्येक महिने केवळ पेल्याकडेच पाहत होतो.