नावाचे ओझे

मुलाचे नाव ठेवताना आपण आजोबा-पणजोबांची आठवण करतो. आरमारे आपल्या युद्धनौकांना दिवंगत सेनानींची नावे देतात. हेतू एकच, नावाबरोबर गुणही यावेत. पण अशा नावाचे ओझे होत नसेल काय? 'ॲडमिरल ग्राफ स्पे' या जर्मन युद्धनौकेची हकिगत वाचल्यापासून हा प्रश्न माझी पाठ सोडीत नाही.

माक्सिमिलियन फॉन स्पे हे पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या पूर्व आशियाई आरमारी तुकडीचे प्रमुख. २२ सप्टेंबर १९१४ रोजी मद्रासवर तोफा डागणारी 'एमडेन' मूळची याच तुकडीतली. १ नोव्हेंबरला चिलीच्या किनाऱ्याजवळ स्पे यांनी दोन ब्रिटिश क्रूझर बुडविल्या. पण ८ डिसेंबरला फॉकलंड बेटांपाशी अधिक बलाढ्य ब्रिटिश आरमाराशी गाठ पडली. ते स्वतः आणि ओटो व हाइनरिख हे त्यांचे दोन मुलगे तीन निरनिराळ्या जहाजांवर होते. तिघेही त्या एकाच दिवशी गेले. त्यांच्याबरोबर दोन हजारांवर खलाशीही.

१९३४ मध्ये त्यांच्या नावाची नौका पाण्यात उतरली, ती त्यांच्या मुलीच्या हस्ते. ६ जानेवारी १९३६ रोजी ती नौदलात दाखल झाली. अकरा इंची सहा तोफा आणि डिझेल इंजिने हे तिचे बळ. १९३९ मध्ये युद्ध पेटताच तिने दक्षिण अटलांटिक व हिंदी महासागरात नऊ व्यापारी जहाजे बुडविली. मात्र त्यांवरील एकाही खलाशाचा जीव गेला नाही. कप्तान हान्स लांग्सडॉर्फ आधी माणसे उतरवून घेई, मग जहाज बुडवी.

१३ डिसेंबर १९३९ रोजी प्लेट नदीच्या मुखाबाहेर 'एक्झेटर', 'एजॅक्स' व 'अकिलीज' या तीन क्रूझरांशी तिची झुंज झाली. घायाळ 'ग्राफ स्पे' तटस्थ उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदरात शिरली. तेथे तिला मुदत मिळाली ७२ तासांची. बाहेर प्रचंड ब्रिटिश आरमार जमल्याच्या हुलीही उठल्या होत्या. १७ डिसेंबरला लांग्सडॉर्फने माणसे उतरवून आपली नौका आपणच उडवून दिली. हजारावर खलाशी वाचले. तीनच दिवसांनी ब्यूनॉस आयर्समध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

योगायोग असा, की तिच्याशी लढलेली 'अकिलीज' १९४८ मध्ये भारताकडे आली आणि 'दिल्ली' झाली. १९६१ च्या गोवामुक्तीच्या मोहिमेत ती दीवच्या समुद्रात होती, आणि १९७८ मध्ये मुंबईत मोडीत निघाली. तिच्या वाट्याला तीस वर्षांची दुसरी कारकीर्द आली. 'ग्राफ स्पे'ला चार वर्षेही पुरी लाभली नाहीत.

ती नौका हिटलरच्या सेवेत होती, हे विसरून तिचे गोडवे गाता येणार नाहीत. तरीही मनात येते, नावाला जागला कोण? अखेरपर्यंत लढून दोन हजारांसह बुडणारे स्पे, की त्यांच्याच नावाची नौका बुडवून हजार घरांतले दिवे विझू न देणारा लांग्सडॉर्फ? नौकेच्या नावाने त्याच्याकडून पहिल्या प्रकारचे मरण मागितले असेल. त्याने मरण दिले, पण फक्त स्वतःचे. पुतळे बहुधा स्पे यांच्यासारख्यांचे उभे राहतात. पण त्या हजारांपैकी एखाद्याच्या आईला विचारले असते, तर तिने कोणाचे नाव घेतले असते, हे सांगायला इतिहासाचा ग्रंथ उघडावा लागत नाही.